चिखलातली लढाई

ओहोटी लागली आणि खाडीत लढायला आलेली दोन्ही जहाजं गाळात रुतून कलली. फिरंग्यांच्या तोफा आभाळाकडे वळल्या, वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, चिखलात घुसल्या. तरी दोन्ही कप्तान एकमेकांना ‘शरण या’ म्हणून ओरडत होतेच.

चांगुणा चिखल तुडवत तिथवर गेली. वाट दाखवायला फिरंग्यांनी तिच्या नवऱ्याला धरून नेलं होतं आणि वलंदेजांनी तिच्या भावाला. भरती आली की दोघं एकमेकांच्या तोफांपुढे उभे राहणार होते.

“मुद्दाम रुतवलीत ना?” तिने नवऱ्याला खालूनच विचारलं.

“मग काय, तुझ्या भावावर तोफ डागू देऊ?”

“उतरा दोघंही. भात निवतोय.”

दोघं दोर धरून उतरले आणि तिच्या मागोमाग चालू लागले. त्यांना धरायला उड्या मारलेले शिपाई बुटांसकट कमरेपर्यंत चिखलात गेले.

भरतीला जहाजं तरंगली, पण बाहेर पडायची वाट कुणालाच ठाऊक नव्हती. शेवटी दोन्ही कप्तान एकाच होडीतून चांगुणाच्या दारात आले, टोप्या हातात धरून.

“आमचं कोणी जहाजावर चढणार नाही,” ती म्हणाली. “आम्ही होडीतून पुढे जातो. गुमान मागे या.”

भाऊ आणि नवरा वल्हवत होते, चांगुणा समोर बसली होती. मागे फिरंगी, त्यांच्यामागे वलंदेज, बदकाच्या पिल्लांसारखे रांगेत. खोल पाणी लागलं तशी तिने होडी वळवायला लावली आणि जहाजांकडे बघून हात हलवला.

“हां, आता भांडा खुशाल!”