जीवरक्षकाचा वर्ग

"दाबा काका, जोरात. रबराचा पुतळा आहे, तक्रार करणार नाही," मॅडम म्हणाल्या. वर्गातली पोरं हसली.

पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक व्हायचं तर जीवरक्षकाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तिकीट खिडकीवर वीस वर्षं काढल्यावर मी इथे आलो होतो. फॉर्म बायकोनंच भरून दिला होता. ती मार्चमध्ये गेली.

तीस वेळा छाती दाबली, दोनदा श्वास दिला. मॅडमनी पास केलं. "काही शंका?"

"माणूस घरात अचानक कोसळला, तर हे किती वेळात सुरू करायचं?"

"लगेच. चार-पाच मिनिटं गेली की कठीण."

मी मान हलवली. बायको ओट्यापाशी कोसळली, तेव्हा डॉक्टर येईपर्यंत अर्धा तास मी तिच्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसलो होतो.