स्टिकवरचं कुंकू

दसऱ्याला उल्कानं लॅपटॉपशेजारी लेकीची हॉकी स्टिकही पूजेत मांडली आणि पांढऱ्या टेपवर कुंकवाची बोटं ओढली. "आई, सो एम्बॅरसिंग!" अबोली वैतागली. पार्सिपनीच्या बर्फाच्या रिंकवर उतरताना तिनं स्टिक जर्सीला खसाखसा पुसली. उल्काच्या मनाला लागलं. टीव्हीवर प्रो सामने बघून घसा बसवणारा नवरा आज तिच्याशेजारी रिंकच्या काचेला नाक लावून उभा होता. बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांत गोलकीपर अबोलीची टीम एकानं पुढे होती; समोरच्यांचा एकच फटका उरला होता. समोरची दांडगी पोर सुसाट आली. गोलपुढे अबोलीनं अंग झोकून देत काळी चकती स्टिकखाली दाबली. जिंकलो! पण पंचांनी जल्लोष थांबवून विचारलं, "ब्लड?" बर्फावर लाल फराटा होता. अबोलीनं टेपमध्ये मुरलेली लाली पाहिली, हेल्मेट काढलं आणि स्टिक उंचावली. "नो सर, दॅट्स कुंकू!" मग काचेकडे वळून सगळ्यांदेखत ओरडली, "आई, पुढच्या वेळी हेल्मेटलाही लाव!"