राहणाऱ्यांची नावं

लंकाबाई झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन मळ्यातून आली, तेव्हा ओट्यावर दोन खुर्च्या टाकलेल्या होत्या. एकीवर मोजणी खात्याचे साहेब मांडीवर कागद घेऊन बसले होते, दुसरीवर तिचा नवरा. आक्काबाई, तिची सासू, दाराला टेकून खाली बसली होती. शेजारचा गोटीराम पंच म्हणून खांबापाशी उभा होता. पाटी उतरवायला कोणी उठलं नाही. तिनं ती स्वतःच खाली ठेवली.

हिरामणनं नाशिक रोडला दुसरा संसार मांडला त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. दिवाळीला तो आईसाठी लुगडं घेऊन यायचा, तासभर बसायचा आणि जायचा. लंकाबाईशी बोलायचा नाही. आज दिवाळी नव्हती. दसरासुद्धा अजून यायचा होता.

गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी झाली होती. आता दारोदार चौकशी करून ज्याचं त्याला मालमत्ता कार्ड मिळणार होतं. गंगापूर रोडनं शहर सरकत सरकत पार गावाच्या वेशीशी आलं होतं, आणि कार्ड झालं की घर विकता येतं हे सगळ्यांना कळलं होतं. हिरामणनं सकाळी आईला तेच समजावलं होतं. कार्डावर आपल्या दोघांची नावं लावू, घर देऊन टाकू, तू माझ्याकडे चल, तिथं लिफ्ट आहे. लंकाबाईचं काय, हे तो बोलला नव्हता. आक्काबाईनंही विचारलं नव्हतं.

साहेबांनी अडचण सांगितली. ग्रामपंचायतीत घर अजून हिरामणच्या वडिलांच्या, मयत पुंजाच्या नावावर होतं, पुढची नोंद कोणी केलीच नव्हती. तेव्हा आज घरात कोण राहतं, घर कोणाच्या ताब्यात आहे, ते पंचांसमोर लिहून घ्यायचं आणि तसंच पुढं पाठवायचं.

"लिहा," हिरामण म्हणाला. "आक्काबाई पुंजा आणि हिरामण पुंजा. दोघंच."

साहेबांनी लंकाबाईकडे पाहिलं. "आणि या?"

"ती आईजवळ असते. सोबतीला."

"नातं काय लिहू?"

हिरामण रस्त्याकडे बघत राहिला. लंकाबाईनं पाटीत हात घातला आणि चिरडलेली फुलं निवडून बाजूला टाकू लागली. बोटं पिवळी झाली होती. बरीच चांगली फुलंही तिनं टाकली, तिच्या लक्षात आलं नाही.

"सून हाय ती माझी," आक्काबाई म्हणाली.

साहेबांनी पेन थांबवलं आणि गोटीरामला विचारलं, हिरामण इथं राहतो का. गोटीराम आणि हिरामण एका वर्गातले. गोटीरामनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"येतो-जातो," तो म्हणाला.

"राहतो का, ते सांगा."

"आता घर त्याचंच हाय म्हटल्यावर काय सांगायचं, साहेब."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अजून अर्धी गल्ली बाकी होती. ते खुर्ची सरकवून म्हातारीकडे वळले आणि आवाज चढवून बोलले, कारण तिला कमी ऐकू येत असेल असं त्यांना वाटलं.

"आजी, तुम्हीच सांगा. तुमचा मुलगा इथं राहतो का?"

हिरामण खुर्चीतून पुढं झुकला. "आई, नीट सांग. तुझ्या पोराचं नाव नको का घराला?"

आक्काबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ते तिच्या आजच ध्यानात आलं. एकुलता एक, नवसानं झालेला. सकाळी तो आला तेव्हा तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली होती, आणि तो चहा पीत होता तेवढा वेळ ती पायरीवरून हलली नव्हती.

मग तिनं लंकाबाईकडे पाहिलं. लंकाबाईची मान खालीच होती. गेल्या उन्हाळ्यात आक्काबाईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा हीच तिला उचलून न्हाऊ घालत होती. पण ते कोणी विचारलं नव्हतं. मुलगा इथं राहतो का, साहेबांनी एवढंच विचारलं होतं.

खाटेखालची कोंबडी फडफडत बाहेर गेली.

"साहेब," आक्काबाई म्हणाली, "घरात आम्ही दोघीच राहतो. मी आन लंका."

"आई..."

"दोघीच. तिसरं कोणी नाय."

साहेबांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. आक्काबाईनं अंगठा दिला. लंकाबाईनं सही केली. कागदाच्या कडेला झेंडूचा पिवळा डाग उठला. गोटीरामनं खाली मान घालून सही केली आणि साहेबांच्या पाठोपाठ पुढच्या घराकडे निघाला. हरकत घ्यायची तर ऑफिसात अर्ज करा, असं साहेब हिरामणला जाता जाता सांगून गेले.

हिरामणचा चेहरा लाल झाला होता. तो उठला, पायरी उतरला, बूट चढवायला वाकला.

"लंके," आक्काबाई म्हणाली. "ताट वाढ. पाव्हणा उपाशी जायला नको."

लंकाबाई उठली. हात धुऊन आत गेली आणि भाकरी, पिठलं घेऊन आली. ताट तिनं त्याच्यासमोर ठेवलं आणि पाटीपाशी जाऊन बसली. हिरामण एक बूट घातलेला, एक घालायचा राहिलेला, तसाच पायरीवर टेकला. भाकरीचा तुकडा त्यानं मोडला, पण तो हातातच राहिला.

आक्काबाई सरकत सरकत त्याच्याजवळ आली आणि पदरानं त्याच्या ताटावरच्या माशा वारू लागली.