तिसरी खूण

काठी टाकीत सोडून वर काढली, तरी मुलीचा विश्वास बसेना. तिनं ती पुन्हा सोडली. पाणी तिसऱ्या खुणेवर होतं. गेल्या महिन्यातही तिथंच होतं.

"मोजून झालं असेल तर उतर खाली," शिडी धरून उभे असलेले वडील म्हणाले. "माझे हात भरून आले."

यंदा पावसानं साफ पाठ फिरवली होती. खाली शहरात नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. आणि इथं टेकडीवर, ना नळ ना विजेची तार, अशा घरात एकट्या म्हाताऱ्याची पावसाच्या पाण्याच्या टाकीतली पातळी ढिम्म हलायला तयार नव्हती.

खरं म्हणजे मुलीला ती रिकामी हवी होती. पैजच तशी लागली होती.

आईच्या शेवटच्या दुखण्यात आठवडाभर नळ कोरडा राहिला होता. वडिलांनी पाणीखात्याच्या कचेरीत खेटे घातले, तर अर्ज करा म्हणून सांगण्यात आलं. आई गेली. वडील जातीनं हट्टी आणि धंद्यानं सुतार. त्यांनी शहरातलं घर विकलं, टेकडीवर स्वतःच्या हातानं हे घर उभं केलं आणि जाहीर केलं, "आता कुणाची तार नको की कुणाचा पाइप नको. त्या खात्याचा माणूस माझ्या फाटकातून आत येणार नाही."

पोरीनं लग्न केलं ते नेमकं त्याच खात्यातल्या वॉल्व्हमनशी. वडिलांनी जावयाला आशीर्वाद दिला, नाही असं नाही. पण ते फाटकाच्या आत उभे होते आणि जावई बाहेर.

मागच्या वर्षी वडील परसात पडले आणि दुपारपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून मुलगी त्यांच्या मागे लागली होती, आमच्याकडे राहायला चला. शेवटी ते वैतागून म्हणाले, "टाकी कोरडी पडेल त्या दिवशी बॅग भरतो. तोवर हा विषय बंद."

म्हणून ती दर महिन्याला टेकडी चढून यायची आणि काठी सोडायची. आज सकाळीसुद्धा निघताना ती नवऱ्याला म्हणाली होती, "या खेपेला तळ दिसणारच." तो खांद्याला मलम चोळत होता. नुसतं म्हणाला, "बघ जाऊन."

ती शिडी उतरली आणि घराकडे पाहत राहिली. या घरात तिची दरवेळी मती गुंग व्हायची. अंघोळीचं पाणी वाळूतून गाळून भोपळ्याच्या वेलाला जायचं. भांडी राखेनं घासली जायची. छपरावरच्या सोलरच्या दोन पाट्यांवर दिवा आणि रेडिओ चालायचा. चूल उन्हावर शिजवायची, आणि वर भांडायचीही नाही, असं वडील म्हणायचे. कडेला दव धरायला बारीक जाळ्या लावल्या होत्या. त्या जाळ्यांना ती मनातल्या मनात हसायची. आज तिला हसू आलं नाही.

"बाबा, पाऊस नाही, विहीर नाही. मग हे पाणी येतं तरी कुठून?"

"येतं," वडील म्हणाले. "रोज पहाटे येतं."

तिनं जाळ्यांकडे पाहिलं आणि खरोखर हात जोडले.

अंगणात उन्हात रुंद तोंडाचं पातेलं होतं, वर पातळ फडकं. वडिलांनी त्यातलं पाणी तांब्यात घेऊन तिला दिलं.

"असं उन्हात का ठेवता?"

"वास उडून जातो."

"पाण्याला कसला आलाय वास?" ती घटाघट प्यायली. "छान तर आहे. अगदी आमच्या घरच्यासारखं लागतंय."

"हो ना," वडील म्हणाले आणि फडकं नीट करू लागले.

ओट्याशेजारी भिंतीवर त्यांची जुनी बॅग उन्हात टाकलेली होती, झटकून, पुसून.

"ही कशाला काढली?"

"कसर लागली असती." मग त्यांनी विचारलं, "जावयाचा खांदा कसा आहे?"

इतक्या वर्षांत त्यांनी जावयाची चौकशी पहिल्यांदाच केली होती. मुलीला इतका आनंद झाला की तिला दुसरं काही सुचलंच नाही.

"दुखतोच आहे हो. वॉल्व्ह आवळून आवळून वाट लागलीय. त्यात यंदा उजाडायच्या आत ड्यूटी. आणि विजार रोज कुठं फाडून आणतो देव जाणे, शिवून शिवून मी थकले."

"काळजी घे त्याची," वडील म्हणाले.

ऊन कलल्यावर ती निघाली. फाटकापाशी आल्यावर तिनं मागं वळून ते घर एकदा डोळे भरून पाहिलं. एका माणसानं, कुणापुढे हात न पसरता, आभाळानं फसवलं तरी तगून दाखवलं होतं.

"तुम्ही जिंकलात, बाबा," ती म्हणाली. "आता पुन्हा चला म्हणणार नाही. मला तुमचा अभिमान वाटतो."

वडील खूश होतील असं तिला वाटलं होतं. ते फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. स्वतःच घडवलेली कडी, पण जणू पहिल्यांदाच पाहत होते.

"जावयाला एक निरोप देशील?"

"देईन की."

"म्हणावं, मला वाटलं होतं तू चार दिवसांत कंटाळशील. नाही कंटाळलास. उद्या पहाटे पाण्याचे कॅन आणू नको म्हणावं. आणि मागच्या काटेरी कुंपणावरून उडी मारायची नाही, सरळ फाटकातून आत ये. बॅग भरतोय, पण मला एकट्याला ती उचलवणार नाही."