अंगचोर

सकाळी केतकीनं निनादला मऊ भात वाढला. "मालिशला जाताना पोट हलकं असावं," ती म्हणाली. अपॉइंटमेंट खरं तर तिचीच होती. पण अंथरुणाला खिळलेल्या बाबांना उचलून उचलून आपली पाठ कामातून गेली, असं निनाद आल्यागेल्याला सांगायचा, म्हणून तिनं ती त्याला देऊन टाकली.

मालिश केंद्रातल्या टेबलावर तो पालथा झोपला. मालिश करणाऱ्या यंत्राची कोमट बोटं त्याच्या अंगावरून फिरली. कुठे किती जोर लावायचा हे ठरवण्याआधी, कुठल्या स्नायूनं काय काम केलंय ते यंत्र मोठ्यानं सांगत असे.

"पाठ उत्तम आहे," यंत्र म्हणालं. "सहा महिन्यांत जड काही उचललेलं नाही. फक्त उजवा अंगठा थकलाय, मोबाइलवर."

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या केतकीनं फक्त त्याचा शर्ट पुढे केला. ती हसली असती तरी चाललं असतं. निनाद मान खाली घालून उठला. "तू झोप," एवढंच त्याला म्हणता आलं.

ती टेबलावर पालथी झाली. बोटं कमरेला टेकताच ती यंत्राला हळूच म्हणाली, "माझं मोठ्यानं नको सांगूस. निनाद इथंच बसलाय."