संपर्कासाठी नंबर

बाबा गेल्याची बातमी पेपरात देताना दादाने गडबडीत संपर्कासाठी बाबांचाच नंबर दिला. बाबा प्लंबर, त्यामुळे घरात सगळ्यांना तोंडपाठ असलेला नंबर तेवढाच. सकाळपासून फोन नुसता खणखणतोय. "वाचून फार वाईट वाटलं हो," म्हणतात आणि लगेच विचारतात, "पण आमचा नळ खोलून ठेवलाय, त्याचं काय?"

शेवटी दादाने हात टेकले. पुन्हा फोन वाजला, तो कोपऱ्यात बसलेल्या आईने उचलला. पलीकडून कुणीतरी वैतागून विचारलं, "कधी येणार आहेत?"

बाबा दुपारी घरात घोरत पडलेले असायचे, तेव्हा द्यायची तेच उत्तर आईच्या तोंडून निघून गेलं.



"रस्त्यातच आहेत हो, पोचतील इतक्यात."