कबुतराचं रक्त

आप्पांचं तोंड सकाळी सातला वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं, आणि माझ्या भावानं, रणधीरनं, त्यांना उमरग्याच्या दवाखान्यात आणलं दुपारी दोनला. मधले तास वडील लकव्यावर औषध देणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या ओसरीवर पडून होते. तो त्यांच्या अंगाला कबुतराचं रक्त चोळत होता.

"साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं म्हणाले डॉक्टर," मी म्हणाले. "शाळेत विज्ञान शिकवतोस ना तू?"

"सगळे तिथंच नेतात, ताई." तो भिंतीकडं बघत बोलला. "कापताना कबुतर मीच धरलं होतं. लई तडफडलं."

"ते मला सांगू नको."

आप्पांच्या बोटांच्या बेचक्यांत वाळलेलं रक्त मी ओल्या फडक्यानं पुसायला लागले. तेवढ्यात कबुतर घुमलं. खिडकी बंद होती, बाहेरून जाळी होती. ते परत घुमलं, अगदी जवळ.

मी आप्पांचा उजवा हात हातात घेतला. सकाळपासून मेल्यासारखा पडलेला तो हात गरम होता आणि आतून धडधडत होता. मॉनिटरवर ठोके सत्तर दिसत होते. हातातले मोजताच येईनात.

"सोड, ताई," रणधीर पुटपुटला. "मी पण असंच धरलं होतं."

त्याच्यावरचा सगळा राग माझ्या मुठीत उतरला. मी ती आवळली.

घुमणं थांबलं. मॉनिटरकडं आम्हा दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.